जुना एआर-३ए घ्यावा का, आणि घेतला तर दुरुस्ती कुठून सुरू करावी

अकूस्टिक रिसर्च या अमेरिकन कंपनीचा एआर-३ए १९६७ साली बाजारात आला तेव्हा एका स्पीकरला २५० डॉलर पडत. ही त्या काळी मोठी रक्कम होती. आज तो हाती लागतो तो बहुधा अर्धमेल्या अवस्थेत. वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या युनिटच्या, कडेचा फोम झडलेला असतो, मधले सूर वाजवणारा मिडरेंज मुका असतो, मागचं बटण फिरवलं की खरखर होते, आणि विकणारा सांगतो, ‘फक्त फोम बदलला की झालं.’ तेवढ्यावर सहसा भागत नाही. तरीही वरचे सूर वाजवणारे ट्वीटर जिवंत असतील, पेटीचे सांधे सुटलेले नसतील आणि मूळ वूफर जागेवर असेल, तर हा स्पीकर जरूर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. या तीनपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तर मात्र मोहात पडू नये.

दुरुस्तीला हात घालण्याआधी हा स्पीकर चालतो कसा ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच ठरतो. एडगर व्हिलचर यांनी १९५४ च्या एआर-१ मध्ये एक उलटा विचार केला. तोवर वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा कागदी शंकू, त्याच्या स्वतःच्या कडक सस्पेंशनवर (त्याला धरून ठेवणाऱ्या लवचीक आधारावर) उभा असायचा. व्हिलचरनी सस्पेंशन मुद्दाम अगदी ढिलं ठेवलं आणि पेटी हवाबंद केली. कोन आत गेला की पेटीतली हवा दाबली जाते आणि तीच त्याला परत ढकलते. एआर-३ए चा बारा इंची वूफर पेटीबाहेर मोकळा असताना सुमारे १८ हर्ट्झला घुमतो, आणि जेमतेम ४० लिटरच्या पेटीत बसवला की ४२ हर्ट्झला. या दोन आकड्यांमधलं सगळं अंतर पेटीतल्या हवेचं काम आहे. तेव्हा हवा गळली, फोम कडक लावला किंवा आतला कापूस कमीजास्त झाला, तर स्पीकर वाजेल खरा, पण तो एआर-३ए राहणार नाही. बाजारात ‘रिस्टोअर्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक जोड्या याच कारणाने निराश करतात.

विकत घेताना

सोबत एक डिजिटल मल्टिमीटर न्या. दोन-चार ओहमच मोजायचे असल्याने आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, दिसेल तो आकडा (०.२ किंवा ०.३) लक्षात ठेवा आणि पुढच्या प्रत्येक मापातून वजा करा. स्पीकरच्या मागे तीन स्क्रू-टर्मिनल असतात: १, २ आणि टी. वायर १ आणि २ ला लागते. २ आणि टी यांच्यामध्ये धातूची एक छोटी पट्टी असायला हवी. मिडरेंज आणि ट्वीटर या पट्टीतूनच जोडलेले असतात. ती हरवली असेल किंवा गंजली असेल तर फक्त वूफर वाजतो. ‘वरचे दोन्ही युनिट गेलेत’ म्हणून स्वस्तात निघालेल्या स्पीकरमध्ये दोष एवढाच असू शकतो, म्हणून पहिली नजर तिथे टाका. तांब्याच्या वायरचा तुकडा लावला तरी चाचणीपुरतं काम होतं.

१ आणि २ मध्ये मीटर लावला की साधारण अडीच ते साडेतीन ओहम दिसायला हवेत. ही वूफरची कॉईल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) आणि तिच्या मालिकेतला चोक (वरचे सूर अडवणारं वेटोळं) मिळून येणारी बेरीज आहे. मिडरेंज आणि ट्वीटर कपॅसिटरच्या पलीकडे असल्यामुळे ते या मापात येत नाहीत. मीटर काहीच दाखवत नसेल तर वूफरची कॉईल किंवा तिच्याकडे जाणारी वायर तुटली आहे. आकडा एक ओहमच्याही खाली असेल तर ॲम्प्लिफायर जोडूच नका.

आता कोन दाबून बघा. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या (कोनाच्या मधल्या टोपीच्या) दोन बाजूंना सारख्या अंतरावर ठेवून कोन चार-पाच मिलिमीटर सरळ आत ढकला. घासल्याचा बारीक आवाज आला तर कॉईल मॅग्नेटच्या फटीत टेकते आहे. फोम पुरता झडलेला असताना कोन एका बाजूला कलतो आणि म्हणूनही घासतो, त्यामुळे तेवढ्यावरून वूफर मेला असं ठरवू नका. पण कोन तसूभरही हलत नसेल तर मामला गंभीर आहे. वाहतुकीत आपटल्यावर फेराइट मॅग्नेटची चिकटवण सुटते, मॅग्नेट सरकतो आणि कॉईल चिमटते. ती दुरुस्ती घरच्या टेबलावर होत नाही. एका स्पीकरचं वजन २४ किलोच्या आसपास आहे, म्हणून कुरिअरने मागवायचाच असेल तर वूफर वेगळा काढून, वेगळ्या खोक्यात भरून पाठवायला सांगा.

फोम शाबूत असेल, किंवा सुरुवातीच्या काळातला, कापडी सराउंडचा (कोनाभोवतीच्या लवचीक कड्याचा) आणि अल्निको मॅग्नेटचा वूफर असेल, तर कोन सोडल्यावर तो किती वेगाने परत येतो ते बघा. सावकाश आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन उसळून आला तर कुठून तरी हवा निघते आहे. कापडी सराउंडमध्ये बरेचदा कापडच झिरपत असतं, कारण त्यावरचा लेप काळाबरोबर सुकतो. अशा वेळी कापड बदलायचं नसतं, त्यावर मऊ राहणारा सीलंट पातळ फासायचा असतो. घट्ट होणारा कुठलाही गोंद तिथे चालणार नाही.

मुका मिडरेंज, आणि खरा गुन्हेगार

एआर-३ए मध्ये मिडरेंज आणि ट्वीटर कमीजास्त करायला मागे दोन पॉट (बटणाने फिरणारे रोधक) आहेत: १६ ओहमचे, तारेच्या वेटोळ्याचे. हा या स्पीकरचा सगळ्यात कच्चा दुवा. आतला फिरता संपर्क आणि तार यांच्यामध्ये पन्नास-पंचावन्न वर्षांची हिरवट-पांढरी पूड साचते आणि संपर्क तुटतो. समुद्राजवळच्या दमट घरात तर विचारूच नका. युनिट ठणठणीत असतं, पण त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाही. मग कुणीतरी ‘मिडरेंज उडाला’ म्हणून भलतंच युनिट आणून बसवतं आणि चांगला स्पीकर कायमचा बिघडवतं.

निदान सोपं आहे. अगदी कमी आवाजात गाणं लावा, वर्तमानपत्राची नळी करून कानाला लावा आणि तिचं दुसरं टोक एकेका युनिटसमोर धरा. मुक्या युनिटचा पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा. आवाज खरखरत येत-जात असेल तर दोष पॉटचाच. काहीच फरक पडत नसेल तर वूफर काढून आत जा आणि मगरी-क्लिपच्या वायरने त्या पॉटची आत येणारी वायर आणि युनिटकडे जाणारी वायर थेट जोडा. युनिट वाजलं तर पॉट खराब. नाही वाजलं तर युनिटच्या टोकांवर ओहम मोजा. दोन ते चार ओहम दिसले तर कॉईल शाबूत आहे आणि संशय कपॅसिटरवर किंवा सोल्डरच्या जोडावर जातो. ट्वीटरला पेन्सिल सेल लावून ‘टिक’ ऐकण्याची सवय असेल तर ती इथे सोडा. ती चाचणी वूफरची ध्रुवता बघायला ठीक आहे, पण केसासारख्या बारीक तारेच्या ट्वीटरला नाही.

पॉट काढायला आतला कापूस बाहेर काढावा लागतो. तो काचेच्या तंतूंचा असतो. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्या घाला आणि हे काम पंख्याखाली करू नका. कापूस एका पिशवीत भरून वजन करा, पिशवीवर डावी-उजवी लिहा. वायरींचे फोटो काढून प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टीचं लेबल लावा, मगच सोल्डर सोडवा.

आता पॉट हातात आला. दांड्यावरची छोटी क्लिप काढली की फिरणारी चकती सुटते आणि चिनी मातीच्या कड्यावर गुंडाळलेली तार समोर येते. तिच्यावर संपर्क जिथे वर्षानुवर्षं टेकून होता तिथे एक काळा खड्डा दिसतो आणि बाकी तारेवर पुडीचा थर असतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक घडी करून तारेच्या वरच्या कडेवरून हलक्या हाताने फिरवा, तांबूस-पांढरी चमक येईपर्यंत. जोर केला तर तार तुटते आणि मग तो पॉट फेकावाच लागतो. चकतीवरचं संपर्काचं टोक आणि जिथे ती मधल्या पट्टीला टेकते ती जागाही तितकीच घासा. ही दुसरी जागा हमखास विसरली जाते आणि मग ‘साफ केला तरी खरखर आहेच’ अशी तक्रार येते. नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवून जोडणी करा. युनिटला न जोडता मोजलं तर एका टोकापासून मधल्या टोकापर्यंत आकडा शून्यापासून सोळापर्यंत कुठेही उडी न मारता सरकायला हवा.

नुसता कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बंद करू नका. आठ-पंधरा दिवस आवाज सुधारतो आणि पहिल्या पावसाळ्यात परत जातो. पॉट दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर १५ किंवा १६ ओहमचा, २५ वॉटचा वायरवाउंड पॉट शोधा. दुकानात ८ ओहमचे एल-पॅड (आवाज कमीजास्त करायचे वेगळ्या जोडणीचे पॉट) सहज मिळतात आणि बसतातही, पण मूळ पॉटचे सोळा ओहम युनिटला समांतर असतात, एल-पॅडमध्ये तसं नसतं. क्रॉसओव्हरला (तिन्ही युनिटमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटला) दिसणारा भार बदलतो आणि मिडरेंज-ट्वीटरचा मेळ थोडा हलतो. नाइलाज असेल तरच तो रस्ता.

फोम

फोम वाजवल्याने झिजत नाही, वयाने कुजतो. हवेतला ओलावा पॉलियुरेथेनची साखळी तोडतो, आणि खोक्यात बंद ठेवलेल्या वूफरचाही फोम चिकट होऊन बोटाला लागतो. म्हणून ‘अजून धरून आहे’ अशा जुन्या फोमवर विसंबू नका. विक्रेता तो फुकट देत असला तरी बदला.

नवा फोम घेताना इंच सांगून चालत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास, फोमच्या वळीचा आतला आणि बाहेरचा व्यास, फ्रेमवर बसणाऱ्या कडेची रुंदी हे सगळं मिलिमीटरमध्ये मोजा. जुना फोम कोनाच्या पुढून चिकटवला होता की मागून, आणि त्याची आतली कड सपाट होती की कोनाच्या उतारासारखी तिरकी, हेही खरवडायच्या आधी बघून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोम मऊ असायला हवा. पीए (सभा-समारंभाच्या) स्पीकरसाठी बनलेला बारा इंची फोम किंवा रबर व्यासाने बसतो, पण तो इतका ताठ असतो की वूफरची मोकळी घुमण्याची वारंवारता तिशीच्या वर जाते आणि खालचा सगळा खर्ज नाहीसा होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीला भाग शोधताना नेमकं हेच सांगा: होम स्पीकरचा, पातळ, मऊ फोम. आणि रिकोनिंगवाल्याकडे (वूफर दुरुस्त करणाऱ्याकडे) वूफर दिलाच तर कोन पेपर, स्पायडर (कोनाला मागून धरणारी लवचीक चकती), कॉईल यांना हात लावायचा नाही, फक्त सराउंड बदलायचा, हे लिहून द्या. सवयीने संपूर्ण किट बदललं गेलं तर मूळ वूफर गेला तो गेलाच.

घरी करायचं तर कृती अशी. फोमचे अवशेष बोटाने काढा. कोनावरचा जुना गोंद अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने मऊ करून बोथट सुरीने खरवडा, थोडा राहिला तरी चालेल, कागदाचा पापुद्रा निघता कामा नये. फ्रेम मात्र धातूपर्यंत स्वच्छ करा. डस्ट कॅप धारदार ब्लेडने कडेने कापून बाजूला ठेवा. आत कॉईल आणि पोलमधली फट दिसेल. तिच्यात धूळ किंवा लोखंडाचा कीस असेल तर चिकटपट्टीची घडी, चिकट बाजू बाहेर ठेवून, आत फिरवून काढा. मग जुन्या एक्स-रे फिल्मच्या किंवा ओएचपी शीटच्या चार-सहा पट्ट्या समान अंतरावर फटीत सारा. पट्टी हलक्या दाबाने सरकेल आणि कोन त्यांच्या आधाराने मधोमध ताठ उभा राहील, एवढीच जाडी हवी.

गोंद पांढरा, पाण्याचा घ्या. रबर सोल्युशन प्रकारचा गोंद लगेच पकडतो, फोम एकदा तिरका टेकला की सरकवता येत नाही. आधी कोनाची कड: पातळ थर, फोम बसवा, बोटाने पूर्ण वर्तुळात दाबत जा, तीन-चार तास सुकू द्या. मग फ्रेमची कड. ती सुकताना कोन त्याच्या मूळ उंचीवर आहे ना, वर किंवा खाली ओढला जात नाही ना, हे बघा. २४ तासांनी पट्ट्या काढा. डस्ट कॅप चिकटवण्याआधी ३० हर्ट्झचा सूर फोनवरच्या जनरेटर ॲपमधून ॲम्प्लिफायरला देऊन अगदी कमी आवाजात वाजवा. कोन नुसता डोलला पाहिजे, खरखर अजिबात नको. खात्री झाली की कॅप लावा आणि तिच्या कडेला गोंदाची अखंड रेघ द्या, कारण तिथूनही हवा जाते.

पट्ट्या काढल्यावर घासत असेल तर बहुधा स्पायडर खाली ओघळलेला असतो. वर्षानुवर्षं उभ्या स्पीकरमध्ये कोनाचं वजन एकाच दिशेने ओढत असतं. वूफर १८० अंशात फिरवून बसवला की तेच वजन उलट दिशेने काम करतं. बरेचदा एवढ्यावर प्रश्न सुटतो.

काम बरोबर झालं की नाही हे कानाने ठरवू नका. पेटीबाहेरच्या वूफरच्या मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर लावा, ॲपमधून १० पासून ६० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू सरकवा आणि वूफरच्या टोकांवर एसी व्होल्टेज बघत राहा. ते जिथे सर्वाधिक होतं तीच त्याची वारंवारता. नव्या फोमवर ती सुरुवातीला २२-२४ आली तर घाबरू नका, वीस-तीस तास वाजल्यावर खाली येते. तीसच्या पुढे असेल तर फोम चुकला आहे, दुसरा आणा.

कपॅसिटर, कापूस, फटी

क्रॉसओव्हरमध्ये तीन कपॅसिटर आहेत: ट्वीटरला ६ मायक्रोफॅरड, मिडरेंजला ५०, आणि वूफरला समांतर १५०. ५७५ आणि ५००० हर्ट्झची विभागणी त्यांच्यावरच उभी आहे. एवढ्या वयाचे कपॅसिटर मोजत बसण्यापेक्षा मी बदलतो. ६ साठी फिल्म प्रकार घ्या. ५० आणि १५० साठी १०० व्होल्टचे चांगले नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक पुरतात. नेमका आकडा मिळत नाही, म्हणून समांतर जोडा: ४७ आणि ३.३ मिळून ५०.३, त्यातच आणखी १०० मिळवले की १५०.३, आणि ४.७ ला १ व ०.३३ जोडले की ६.०३. दोन्ही स्पीकरमध्ये एकच घडण ठेवा. चोक काढू नका, ते बिघडत नाहीत.

कापूस तोच, तेवढाच, दोन्ही पेट्यांत सारख्या वजनाने परत भरा. त्याऐवजी गादीतला कापूस किंवा पॉलिएस्टर कोंबला तर पेटीतल्या हवेचं वागणं बदलतं आणि ते ४२ हर्ट्झचं गणित मोडतं. वूफरच्या कडेखाली मूळची पुट्टी कडक झाली असेल तर ती काढून बंद छिद्रांची फोम टेप लावा. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. पॉटचे दांडे आणि टर्मिनल जिथे मागच्या फळीतून बाहेर येतात तिथेही आतून पुट्टीचा ठिपका द्या. शेवटी तीच कोन दाबण्याची चाचणी पुन्हा घ्या.

ट्वीटर

पाऊण इंची घुमटाचा हा ट्वीटर नवा मिळत नाही. तार युनिटच्या बाहेरच्या बाजूला तुटली असेल तर भिंगाखाली बारीक सोल्डरिंगने जोडता येते. कॉईलच्या आत जळाली असेल तर जुन्याच स्पीकरमधून काढलेला शोधावा लागतो, आणि तोही दोन्ही ट्वीटरचा आवाज जुळवून घ्यावा लागतो. दुसऱ्या कंपनीचा ट्वीटर लावून वरची सुरावट चकचकीत करता येते, पण तो मग वेगळाच स्पीकर होतो. व्यवहार ठरवताना म्हणूनच सगळ्यात जास्त भाव ट्वीटरच्या तब्येतीला द्या, लाकडाच्या पॉलिशला नाही.

नीट झाल्यावर

असा नीट बांधलेला एआर-३ए आजच्या स्पीकरसारखा पुढे येऊन बोलत नाही. ट्वीटर सौम्य आहे, झांजेची धार थोडी मागे राहते आणि ज्यांना ती हवी असते त्यांना तो मंद वाटेल. पण तबल्याच्या डग्ग्याची मींड किंवा ऑर्गनचा तळाचा स्वर इतक्या लहान पेटीतून एवढ्या शांतपणे आणि खोलवर येतो की त्यासाठी केलेली सगळी खटपट सार्थकी लागते. मिडरेंज आणि ट्वीटरचे घुमट पसरट आवाज फेकतात, त्यामुळे सोफ्याच्या एकाच जागी खिळून बसावं लागत नाही.

ॲम्प्लिफायरमध्ये मात्र कंजुषी चालणार नाही. स्पीकर ४ ओहमचा आहे, काही ठिकाणी भार त्याहूनही खाली उतरतो, आणि तो कमी करंटवर जोरात वाजणाऱ्यांपैकी नाही. कंपनीने किमान २५ वॉट सांगितले होते. ५० ते १०० वॉटचा, ४ ओहमला न डगमगणारा ॲम्प घ्या. स्वस्त रिसीव्हरवर ‘८ ते १६ ओहम’ लिहिलं असेल तर तो लावू नका. तो जोरात चालवला की क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात, आणि क्लिप झालेल्या सिग्नलची बरीच उष्णता त्याच पाऊण इंची ट्वीटरच्या कॉईलमध्ये जाते.